दाद आणि मोजदाद



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर तत्त्वज्ञान चालते, इतिहास चालतो, अर्थकारण चालते. तेथे हौशी छायाचित्रकाराला मोबाइलवर मिळणाऱ्या पसंतीची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला आमचे उत्तर असे की, आज या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये कॅमेरा आहे. पूर्वी गावात चारदोन घरी असलेली ही हौस आता घरोघर झाली आहे. आणि ज्याने चित्र काढले त्याने ते दहा जणांना दाखवावे, त्या दहा जणांनी त्याखाली अंगठा किंवा लाल बदाम उमटवावा, आणि काढणाऱ्याने रात्री झोपण्यापूर्वी ते बदाम मोजावेत, हाही घरोघरचा परिपाठ झाला आहे. जी गोष्ट इतकी माणसे इतक्या नेमाने करतात, तिची किंमत काय हे तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा सारा पोकळ मिरवण्याचा प्रकार. खऱ्या कलावंताला कोणाच्या शाबासकीची गरज काय? दुसरा पक्ष म्हणतो, पूर्वी मूठभर परीक्षक कोणाला मोठे करायचे ते ठरवीत, आता लोक ठरवितात. हीच खरी लोकशाही. आम्हाला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

पहिल्या पक्षाला आम्ही एवढेच सांगू की, दाद मागणे हा आजचा रोग नव्हे. कालिदासाने शाकुंतलाच्या आरंभीच सूत्रधाराकडून वदविले आहे की, जाणत्यांचे समाधान होईपर्यंत आपली कला साधली असे तो मानीत नाही. उलट भवभूती मालतीमाधवात म्हणतो की, आपले काम त्याची अवहेलना करणाऱ्यांसाठी नाही. काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी आहे, कधी तरी कोणी समानधर्मा जन्मास येईल. एक समोरच्या जाणत्याकडे पाहतो, दुसरा न जन्मलेल्या जाणत्याकडे. पण पाहतात दोघेही. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, दोघांपैकी कोणीही प्रेक्षागृहातील डोकी मोजलेली नाहीत.

आता छायाचित्राच्या इतिहासाकडे वळू. ही कला जन्मली आणि पाठोपाठ तिच्या मंडळ्या निघाल्या. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली स्थापन झाली, आणि अवघ्या एका वर्षाने, १८५४ साली, आपल्या मुंबईत तशीच सोसायटी निघाली. हिंदुस्थानातील ती पहिली; कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळ्या त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सभासद होते. रोग्यांची नाडी पाहणारे हे गृहस्थ काचेच्या तबकड्या आणि रसायने यांत रमत, ही गोष्ट आपल्या आजच्या डॉक्टरमंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला.

या मंडळ्यांची गरज का पडली? त्या काळी काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ओली असतानाच धुवावे लागे. उन्हाळ्याच्या दिवसांत रसायने बिघडत, काचेवर डाग पडत. डाग कशाने पडला हे एकट्याला उमगत नसे. दुसऱ्या कोणाला तसाच डाग पडून गेलेला असे, तो कारण सांगे. म्हणजे आपले चित्र दुसऱ्यापुढे ठेवण्याचा मूळ हेतू ‘छान’ ऐकण्याचा नव्हता, ‘काय चुकले’ ते कळण्याचा होता. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी एक नामी युक्ती काढली. एक संग्रह टपालाने सभासदांत फिरे. प्रत्येकाने आपले चित्र त्यात घालायचे, इतरांच्या चित्रांवर शेरा लिहायचा आणि संग्रह पुढच्याकडे रवाना करायचा. तो फिरून परत आला की आपल्या चित्रावरचे शेरे वाचायला मिळत. आज मोबाइलवर घडते ते नवे नाही. टपालाला महिने लागत, आता निमिष लागते. आणि शेऱ्याच्या जागी बदाम आला, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही, हे आम्हाला पुढे दाखवायचे आहे.

जाणत्याच्या एका शब्दाने काय होते याची दोन उदाहरणे घेऊ. लाला दीनदयाळ हे रुडकीला शिकलेले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकर. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डॅली यांनी त्यांचे काम पाहिले, उत्तेजन दिले आणि मोठ्या प्रसंगांची छायाचित्रे घेण्याची संधी दिली. पुढे हाच नोकर हैदराबादच्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला आणि १८९६ साली त्याने मुंबईत आपली पेढी उघडली. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचे. १८८७ साली, युरोपात शिकत असताना, त्यांनी लंडनच्या ‘अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाच्या स्पर्धेला इटलीतल्या हसऱ्या मुलांचे एक चित्र पाठविले. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. त्यांनी त्याला पहिले बक्षीस तर दिलेच. शिवाय आलेल्या चित्रांत उत्स्फूर्त असे हेच एक आहे, असा अभिप्राय दिला. चित्रात नेमके काय चांगले आहे, हे तेवीस वर्षांच्या त्या तरुणाला एका जाणत्याने शब्दात सांगितले. बक्षिसाच्या रकमेपेक्षा ही कमाई मोठी होती.

परंतु जाणते नेहमी बरोबरच असतात काय? मुळीच नाही. त्याच स्टीग्लिट्झ यांनी २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर भर हिमवादळात सुमारे तीन तास उभे राहून घोड्यांच्या गाडीचे एक चित्र घेतले. हौशी मंडळातल्या सोबत्यांनी ती काच पाहिली आणि अंधुक, अस्पष्ट म्हणून फेकून देण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. आज ते चित्र छायाचित्रकलेच्या इतिहासात मानाने छापले जाते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची कथाही अशीच. जन्म कलकत्त्याचा, १८१५ सालचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा कोठे सुरुवात. १८६४ च्या जानेवारीत अ‍ॅनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र त्यांना साधले, आणि ‘माझे पहिले यश’ असे त्यांनी स्वतःच त्याला नाव दिले. त्या आनंदात त्या मुलीला काय देऊ नि काय नको, असे त्यांना होऊन गेले होते. पुढे लंडनच्या सोसायटीतील जाणत्यांनी त्यांच्या चित्रांची रेषा स्पष्ट नाही म्हणून टर उडविली, पण जी. एफ. वॉट्स या चित्रकाराने पाठीवर हात ठेवला, आणि १८६५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. तंत्रज्ञांनी रेषा पाहिली, चित्रकाराने चेहरा पाहिला. तेव्हा दाद कोणाची घ्यावी, हाही विवेक करावा लागतो. मात्र एक गोष्ट विसरू नये: सोसायटीची टीका चुकीची असली तरी ती कारण देऊन केलेली होती. कारण दिले म्हणजे त्याच्याशी भांडता येते. नुसत्या आकड्याशी कोणी कसे भांडावे?

आणखी एक वर्ग आहे, तो दाद न मागणाऱ्यांचा. फ्रान्सचे झाक आंरी लार्तिग हे १८९४ साली जन्मले. लहानपणीच हाती कॅमेरा आला. घरातली माणसे, धावत्या मोटारी, उड्या मारणारी भावंडे यांची चित्रे ते आयुष्यभर काढून घरच्या आल्बमांत डकवीत राहिले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले ते १९६३ साली. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. आपल्याकडे अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग यांनी दीर्घकाळ कुटुंबाची आणि स्वतःची चित्रे काढली. त्यांची खरी दखल त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी घेतली गेली. आणि शिकागोच्या व्हिव्हियन मायर! लोकांची मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या या बाईंनी फावल्या वेळात लाखाहून अधिक चित्रे टिपली. कित्येक रिळे तर धुतलीसुद्धा नाहीत. भाडे थकले म्हणून त्यांच्या सामानाचा २००७ साली लिलाव झाला. २००९ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी एका तरुणाने लिलावात घेतलेली त्यांची काही चित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांपुढे ठेवली आणि जगभरातून दादेचा पूर लोटला. भवभूतीचे समानधर्मे असे मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर जमा झाले. फक्त त्यांची ओंजळ स्वीकारायला बाई उरल्या नव्हत्या.

या उदाहरणांवरून, दाद हे हौशीचे जेवण नव्हे, ते मीठ आहे, असे आम्ही म्हणतो. मिठावाचून काही जण जेवून उठले. पण कोणी नुसते मीठ खाऊन जगल्याचे ऐकिवात नाही.

आता नव्या साधनांना न्याय दिला पाहिजे. पूर्वीची मंडळी शहरात भरत, वर्गणी घेत, आणि तेथे बहुधा साहेब आणि शेठसावकार असत. तालुक्याच्या गावातल्या मुलीने कोठे जावे? होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचीसुद्धा सुरुवातीची चित्रे पतीच्या नावाने छापली गेली. आज एखाद्या खेड्यातल्या शाळकरी मुलीने शेतातल्या पहाटेच्या धुक्याचे चित्र घेतले तर ते तिच्याच नावाने, विनावर्गणी, हजारो मैलांवरच्या माणसापुढे जाते; आणि तो माणूस जाणता असला तर ‘कॅमेरा थोडा खाली झुकविला असता तर क्षितिज वर गेले असते’ असे सांगूही शकतो. नवशिक्याला पहिल्या वर्षी तर साधी शाबासकीसुद्धा हवी असते. रांगणारे मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा घरातले टाळ्या वाजवितात. त्याच्या चालण्यातले दोष काढीत बसत नाहीत. हे सारे मोठे भाग्य आहे, आणि त्याला नाक मुरडणारा मनुष्य आम्हाला कृतघ्न वाटतो.

मग बिघडते कोठे? बिघडते ते दादेची मोजदाद होते तेथे. फ्लिकर २००४ साली सुरू झाले. फेसबुकने पसंतीचा अंगठा फेब्रुवारी २००९ मध्ये आणला. खास छायाचित्रांसाठी निघालेले इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. २०१२ साली फेसबुकने ते एक अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा केला. एवढी रक्कम कोणी आमच्या-तुमच्या चित्रांच्या प्रेमापोटी मोजीत नाही. पाहणारा पडद्यापुढे किती वेळ बसतो यावर जाहिरातीचे उत्पन्न अवलंबून असते, त्यासाठी ती मोजली जाते. २०१६ पासून इन्स्टाग्रामने चित्रे काळाच्या क्रमाने दाखविण्याचे सोडले आणि पाहणाऱ्याला जे अधिक रुचेल असे यंत्राला वाटेल ते आधी दाखविण्यास आरंभ केला. म्हणजे ज्याला पसंती मिळाली ते अधिकांना दिसणार. अधिकांना दिसले की आणखी पसंती मिळणार. असलेल्यालाच द्यावे, असा हा व्यवहार आहे.

आकडा आकड्याला कसा जन्म देतो याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेत झाला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. प्रयोग छायाचित्रांचा नव्हता, गाण्यांचा होता. पण त्याचा बोध आपल्याला लागू पडतो. अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत. इतरांचे आठ वेगवेगळे गट केले होते. त्यांना आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले याचा आकडा दिसे. निष्पन्न काय झाले? एका गटात डोक्यावर घेतलेले गाणे दुसऱ्या गटात तळाला गेले. अगदी उत्तम गाणी क्वचितच बुडाली, अगदी वाईट क्वचितच तरली. मधली सारी गाणी मात्र नशिबाच्या लाटेवर कोठेही गेली. आपण हौशी माणसे बहुतेक त्या मधल्या वर्गात मोडतो. तेव्हा काल तीनशे बदाम मिळाले म्हणून फुगून जाण्याचे आणि आज तीस मिळाले म्हणून खट्टू होण्याचे फारसे कारण नाही.

दुसरा प्रयोग त्याहून मार्मिक आहे. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली, आपण होऊन चित्रे काढण्यात रमणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढाल तर फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी पुन्हा रंग पुढे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. श्रोतेहो, यात आमच्या आजच्या विषयाचे सार आहे. दादेने हौस मरत नाही. दादेची बोली करून काम केले म्हणजे हौस मरते. चित्र काढून झाल्यावर कोणी ‘वाहवा’ म्हटले तर तो प्रसाद. वाहवा मिळेल असेच चित्र काढायचे ठरविले तर ती मजुरी, आणि तीही बिनपगारी.

या मजुरीचे परिणाम आपण पाहतोच आहोत. पडदा तळहाताएवढा, आणि पाहणाऱ्याचे बोट तर क्षणभरही थांबत नाही. म्हणून रंग भडक, विषय ठळक आणि आकाश नेहमी पेटलेले. वारीच्या रिंगणाची, कोकणकड्याच्या सूर्यास्ताची, भिगवणच्या रोहित पक्ष्यांची चित्रे पाहावीत, तर ती दहा जणांनी काढली की एकाने दहादा काढली हे सांगता येत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत इतकी झुंबड उडू लागली की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. घरट्यातल्या पिलांचे चित्र जवळून मिळावे म्हणून आडोशाच्या फांद्या बाजूला करणारे महाभागही आहेत. चित्राला बदाम मिळतात आणि उघडी पडलेली पिले ससाण्याला मिळतात. येथे प्रश्न रुचीचा राहत नाही, नीतीचा होतो.

आता कोणी म्हणेल, पूर्वीचे लोकही मोजीत नव्हते काय? मोजीत होते. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत किती चित्रे स्वीकारली गेली हे मोजून किताब देण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्या किताबांसाठी परीक्षकांना रुचतील अशीच चित्रे वर्षानुवर्षे काढणारेही होते. म्हणून दोष यंत्राचा तितकाच माणसाचा. खुद्द इन्स्टाग्रामने २०१९ साली काही देशांत पसंतीचा आकडा झाकून पाहिला, आणि २०२१ पासून तो झाकण्याची मुभा प्रत्येकाला दिली. किल्ली आपल्या हाती आहे. कुलूप उघडायचे की नाही हे आपण ठरवायचे.

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना करतो. पहिली, चित्र दाखविताना त्याबरोबर एक प्रश्न ठेवा. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ असे उत्तर येते. ‘म्हातारीचा हात चौकटीबाहेर गेला तो खटकतो काय?’ असे विचारले की खरे उत्तर येते. दुसरी, दाद द्यायला शिका. संगीताच्या बैठकीत दर्दी श्रोता नेमक्या जागेला मान हलवितो. गाणे संपल्यावर टाळी तर सगळेच वाजवितात. दिवसाकाठी पन्नास बदाम वाटण्याऐवजी एका चित्राविषयी एक वाक्य लिहा: काय आवडले आणि का. त्यात लिहिणाऱ्याचाही डोळा तयार होतो. तिसरी, वर्षाकाठी काही चित्रे कोणालाही न दाखविता ठेवा आणि सहा महिन्यांनी स्वतःच पाहा. आपला तो बाब्या हा मोह तोपर्यंत ओसरलेला असतो, आणि मग आपल्याइतका कठोर आणि प्रामाणिक परीक्षक दुसरा मिळणार नाही. चौथी, निवडक चित्रे कागदावर छापून घ्या. कागदावरचे चित्र बोटाने पुढे ढकलता येत नाही. त्याच्यापुढे थांबावे लागते.

आणि पाचवी सूचना या गावाला आहे. येथे ग्रंथालय आहे, त्याचे सभागृह आहे. महिन्यातून एका रविवारी दहाबारा हौशी माणसांनी आपापली दोन दोन छापील चित्रे घेऊन तेथे बसावे. त्यात शाळकरी मुले असावीत, पेन्शनर असावेत, आणि मुलींना व गृहिणींना मुद्दाम बोलवावे. नियम एकच ठेवावा: नुसते ‘छान’ म्हणायचे नाही आणि नुसते ‘वाईट’ही म्हणायचे नाही, कारण सांगायचे. याला खर्च नाही, अनुदान नको, अध्यक्षही नको. मुंबईत १८५४ साली जे सुचले ते आपल्याला आज सुचण्यास हरकत नाही. मोबाइलवरचे दूरचे मित्र आहेतच. त्यांना सोडा असे आमचे म्हणणे नाही. पण दूरचा मित्र चित्र पाहतो. गावातला मित्र चित्रही पाहतो, चित्रातला पारही ओळखतो, आणि त्या पारावर सकाळचे ऊन किती वाजता येते हेही सांगू शकतो.

तात्पर्य, दाद घ्यावी, द्यावी. तिची मोजदाद मात्र करीत बसू नये. आपल्या गावच्या नदीचे, बाजाराचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे जे चित्र आज निघेल, ते उद्या हीच माणसे आणि हाच बाजार नसताना कोणाच्या तरी हाती पडेल. त्याखाली किती बदाम होते, हे तो पाहणार नाही. काढणाऱ्याने काय पाहिले, एवढेच तो पाहील.